काकींचं जाळं दोनदा मोजलं तेव्हा

फोंडा तालुक्यातल्या एका भजनी मंडळातल्या बायकांच्या मेंदूची मोजमापं आम्ही घेत होतो. त्यातल्या एका काकींच्या मोजमापांची ही हकिकत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही आणि आमच्या संस्थेचं नावही देत नाही.

पहिली मोजणी वैशाखात झाली, दुसरी चवथीनंतर. मधल्या काळात मंडळातल्या बायका नेमाने तालमीला बसत होत्या. प्रश्न साधा होता. सतत गाण्याचा सराव केला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांचा एकमेकांशी असलेला ताल बदलतो का? काकींच्या दोन चित्रांत तो बदललेला दिसत होता, तोही डोळ्यांत भरण्याइतका. वैशाखातलं जाळं विरळ, दोन-चार धागे इकडे तिकडे. चवथीनंतरचं जाळं दाट, कपाळापासून दोन्ही कानांच्या वरपर्यंत गच्च विणलेलं. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "अहवालाच्या पहिल्या पानावर हेच घ्या."

विश्लेषणाचं काम माझ्याकडे आहे, मोजणीची दिवे लावलेली टोपी डोक्यावर बसवायलाही मीच असते. ती चित्रं बघून मलाही आनंद झाला. पण चित्राखाली काय लिहायचं म्हणून मोजणीची वही उघडली आणि दोन्ही दिवसांच्या नोंदी वाचल्यावर पहिल्या पानाचं काम मी तिथेच थांबवलं.

यंत्र नक्की काय बघतं

आमच्या यंत्राला एफनिर्स म्हणतात. अंधारात विजेरी तळव्याखाली धरली की बोटं लालबुंद दिसतात, कारण लाल प्रकाश मांसातून बऱ्यापैकी आरपार जातो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून खोल शिरतो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो आणि त्यातला थोडासा परत बाहेर येतो. हे जिवंत माणसात शस्त्रक्रियेविना करता येतं, असं फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं. आमच्या टोपीतले दिवे ७६० आणि ८५० नॅनोमीटरचे आहेत. ऑक्सिजन सोडून आलेलं हिमोग्लोबिन ७६० ला जास्त प्रकाश पितं, ऑक्सिजन घेऊन निघालेलं ८५० ला. दोन्हीकडचा प्रकाश किती घटला यावरून त्या जागी कोणतं रक्त वाढलं आणि कोणतं कमी झालं, याचा हिशेब निघतो.

दिवा आणि तो प्रकाश टिपणारा सेन्सर यांच्यात तीन सेंटिमीटर अंतर असतं. प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे केळ्यासारखा वाकडा जातो. आत शिरताना तो डोक्याच्या कातडीतून जातो, बाहेर येतानाही कातडीतूनच येतो. मेंदूचा भाग त्या वाटेत मधे थोडाच लागतो. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं.

मग जाळं कुठून येतं? १९९५ साली भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने दाखवलं की माणूस काहीही न करता पडून असला तरी हात हलवणारे डावे आणि उजवे भाग एकाच संथ लयीत वरखाली होत असतात. ही लय फार धिमी, सेकंदाला ०.१ फेऱ्यांहूनही कमी. तेव्हापासून स्वस्थ अवस्थेतली अशी लय जुळवून कुठला भाग कुठल्याशी जोडलेला आहे हे मांडायची रीत पडली. टोपीतल्या एका दिवा-सेन्सर जोडीला चॅनेल म्हणतात. आम्ही प्रत्येक चॅनेलची लय दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघतो. दोन लयी किती जुळतात तो आकडा म्हणजे सहसंबंध. तो ठरावीक आकड्याच्या वर गेला की दोघांत एक धागा काढतो. धागे किती, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती कमी टप्प्यांत जाता येतं, शेजारी शेजारी किती घट्ट गुंफलेले आहेत, हे आकडे मग जाळ्याच्या गणिताने काढता येतात. काकींच्या दुसऱ्या चित्रात यातला 'कार्यक्षमता' नावाचा आकडा चांगलाच वर गेला होता. शब्द मोठा मोहात पाडणारा आहे. कार्यक्षमता वाढली म्हटलं की वाचणाऱ्याला डोकं जास्त चालायला लागलं असंच वाटतं.

वहीतल्या दोन नोंदी

वैशाखातली नोंद माझ्याच अक्षरात होती. वीज गेलेली, एसी बंद, खिडकी उघडी ठेवून पडदा ओढून घेतला. काकी कदंब बसमधून उतरून चढ चढत आल्या, घाम पुसतच खुर्चीत बसल्या. डोक्याला तेल. अंबाडा, त्यात अबोलीची फाती. टोपी अंबाड्यावर टेकून मागून उचलली जात होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, नेमकं मधल्या दिव्याच्या जागी. कुंकू पुसा असं मी त्यांना म्हणणार नव्हते, म्हणून दिवा थोडा वर सरकवला. तोंडात सुपारी होती, ती मोजणी सुरू होताना टाकली.

चवथीनंतरची नोंद: सकाळी न्हाऊन आल्या, तेल नाही, केस ओलसर, सैल वेणी. टोपी छान बसली. एसी चालू, खोली गार. घरून चहा घेऊन आल्या. नातवाला ताप, म्हणून लवकर घरी जायची घाई.

हे सगळं मोजणीच्या दृष्टीने किती महत्त्वाचं, ते बाहेरच्या माणसाला सहज लक्षात येणार नाही. दिव्याच्या टोकाखाली केसांचा पुंजका आला तर कातडीपर्यंत प्रकाश पोचतच नाही, आणि काळे दाट केस तर बराचसा पिऊन टाकतात. घामाने टोपी घसरते. उन्हात चालत आलेल्या माणसाच्या कपाळाच्या कातडीतलं रक्त वाढलेलं असतं, शरीर तेवढ्या वाटेने उष्णता बाहेर टाकत असतं. उघड्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात आमच्याच दिव्याच्या जातीचा प्रकाश भरपूर असतो आणि टोपीच्या फटीतून तो सेन्सरपर्यंत जातो. कानशिलावर चावण्याचा स्नायू पसरलेला आहे. सुपारी चावली, दात आवळले, की त्या स्नायूतलं रक्त हलतं आणि यंत्राला तो मेंदूच वाटतो. चहातल्या कॅफिनने मेंदूकडचा रक्तप्रवाह कमी होतो. घाईत, काळजीत असलेल्या माणसाच्या रक्तदाबाची लय वेगळी असते.

थोडक्यात, दोन मोजण्यांमध्ये भजनाचा सराव हा एकच बदल नव्हता. त्या बदलाच्या सोबतीने केस, घाम, ऊन, चहा आणि नातवाचा ताप असं सगळंच बदललं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, काकींना काही न शिकवता दोनदा मोजलं, तर काय येईल ते आपल्याला माहीतच नाही."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तेच आधी करा. अहवाल थांबवू."

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर हे इतक्या सहज झालं नसतं.

काही न बदलता मोजणं

काकींना आणि मंडळातल्या आणखी काही जणींना आम्ही परत बोलावलं. एकाच सकाळी दोनदा मोजायचं, मधे वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत टोपी काढायची आणि नव्याने बसवायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मधे कसला सराव नाही, उपाय नाही. माणूस तेच, डोकं तेच.

पहिल्याच सकाळी काकींची दोन जाळी निरनिराळी आली. कुठे निरनिराळी, तर दोन्ही कानांच्या वर, जिथे केस सगळ्यांत दाट. कपाळावरचे धागे बऱ्यापैकी जुळत होते. म्हणजे वीस मिनिटांत त्यांच्या मेंदूत काही घडलं नव्हतं. टोपी परत घालताना दिव्यांखाली वेगळे केस आले, एवढंच झालं होतं.

मग आम्ही टोपी बसवायची रीतच बदलली. लांब दांडीच्या कापसाच्या काडीने प्रत्येक छिद्रातून केस बाजूला सारायचे, खालची पांढुरकी कातडी दिसेपर्यंत. मग दिवा टेकवायचा. मग पडद्यावर बघायचं. संपर्क नीट झाला असेल तर त्या चॅनेलच्या रेषेवर हृदयाचा ठोका दिसतो, सेकंदाला साधारण एक छोटीशी टेकडी, एकीमागून एक. केस मधे असतील तर तिथे नुसती खरखर असते. काकींच्या उजव्या कानावरच्या एका चॅनेलवर मी बराच वेळ झटत होते. काडीने एक बट सारली की दुसरी येऊन बसायची. शेवटी काकींनीच हात वर केला, बोटाने ती बट धरून ठेवली आणि म्हणाल्या, "आता ठेव." खरखरीतून टेकड्या वर आल्या, शांत, सारख्या अंतराने. काकींनी पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा माझाच ठोका?" मी हो म्हटलं. मग त्या हललेल्याच नाहीत.

ठोका दोन्ही तरंगलांबींवर एकसारखा पडतो का, हे आकड्यात मोजायची पद्धत आहे. ०.७५ च्या खाली गेलेला चॅनेल बरेच जण टाकून देतात. आम्हीही तीच रेघ घेतली, पण टाकण्याआधी पुन्हा एकदा केस सारायचे असा नियम केला. एका टोपीला पाऊण तास लागू लागला.

याबद्दल मला थोडं बोलायचंच आहे. दाट केसांची, सावळ्या कातडीची माणसं अशा अभ्यासांतून न बोलता गळत जातात, कारण त्यांचे चॅनेल 'खराब' ठरतात. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश पितं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२० साली दाखवलं की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होतं. तंत्र त्याच कुळातलं आहे. आमच्याकडच्या बायकांचे केस हा दोष मानून त्यांना यादीतून काढलं, तर उरलेला आकडा कितीही सुबक असला तरी तो आमच्या लोकांचा राहत नाही.

आकडा परत येतो म्हणजे काय

नव्या पद्धतीने मोजल्यावर काकींची दोन जाळी जुळू लागली. इतरांचीही जुळू लागली. किती जुळतात हे सांगायला आयसीसी नावाचं माप वापरतात. त्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे, म्हणून मनाचे आकडे घेऊन मांडते.

समजा मंडळातल्या बायका एकमेकींहून जितक्या वेगळ्या आहेत, तो फरक ६. आणि एकाच बाईला पुन्हा मोजल्यावर आकडा जितका इकडे तिकडे होतो, ती हलचल ४. आयसीसी म्हणजे ६ भागिले दोन्हींची बेरीज १०, म्हणजे ०.६. यंत्र तेच, हलचल तीच ४, पण बायका एकमेकींसारख्या असत्या, एकाच वयाच्या, एकाच वाड्यावरच्या, आणि त्यांच्यातला फरक फक्त २ असता, तर? २ भागिले ६, म्हणजे ०.३३. यंत्र मुळीच बिघडलेलं नाही, तरी आकडा निम्म्यावर आला. १९९४ सालापासून रूढ असलेल्या पायऱ्यांनुसार ०.४० च्या खाली कमकुवत, ०.६० पासून चांगला, ०.७५ पासून उत्तम. म्हणजे तेच यंत्र पहिल्या मंडळात पास, दुसऱ्यात नापास. म्हणून कुणी परदेशातल्या एखाद्या गटावर आलेली विश्वासार्हता आपल्या यंत्राची म्हणून सांगू लागला, तर ती मान्य करू नये. ती त्या यंत्राची आणि त्या माणसांची मिळून असते.

याच हिशेबात एक दिलासाही आहे. एका बाईला दोनदा मोजून सरासरी घेतली तर हलचल ४ ची २ होते आणि ०.३३ चा ०.५ होतो. चारदा मोजलं तर ०.६७. महागडं यंत्र न घेताही, माणसाला परत बोलावून हे साधतं.

मोजणी किती वेळ चालते यालाही महत्त्व आहे. आम्ही पूर्वी पाच मिनिटं मोजत होतो. यंत्र सेकंदाला दहा नोंदी घेतं, म्हणजे पाच मिनिटांत ३,००० नोंदी. ऐकायला भरपूर वाटतात. पण आपण शोधतोय ती लय ०.०१ इतकी धिमी असली तर तिची एक फेरी शंभर सेकंदांची. पाच मिनिटांत तिच्या जेमतेम तीन फेऱ्या होतात. तीन फेऱ्यांवरून दोन लयी जुळल्या म्हणणं म्हणजे भजनाच्या तीन मात्रा ऐकून ताल ओळखणं. शिवाय एकामागची एक नोंद मागच्या नोंदीसारखीच असते, त्यामुळे ३,००० स्वतंत्र पुरावे म्हणून ती धरली की योगायोगाने जुळलेले धागेही खरे भासतात. हा दोष काढायची गणिती रीत आहे, नोंदींमधली ही आपसातली ओढ आधी काढून टाकायची, मग सहसंबंध काढायचा. आम्ही तीही लावली आणि वेळ दहा मिनिटांवर नेला. याहून जास्त वेळ काकींसारख्या माणसांना न हलता बसवणं बरं नव्हे, डुलकी लागते, आणि डुलकीतला मेंदू वेगळा.

नंतर कळलेलं

इथवर सगळं सरळ चाललं होतं. दोन जाळी जुळत होती, सर खूश होते, मीही. मग आमच्या टोपीत आखूड चॅनेल बसवले आणि पुन्हा मोजलं.

आखूड चॅनेल म्हणजे दिवा आणि सेन्सर यांत तीन सेंटिमीटरऐवजी आठ मिलिमीटर अंतर. इतक्या जवळच्या जवळ प्रकाश मेंदूपर्यंत जातच नाही, कातडीतूनच परत फिरतो. त्यामुळे तिथे जे दिसतं ते फक्त डोक्याच्या कातडीतलं रक्त. ही लय लांब चॅनेलच्या लयीतून गणिताने वजा करायची, म्हणजे उरतं ते बहुतांशी मेंदूचं.

वजा केली आणि या नव्या मोजणीतलं काकींचं दाट जाळं फिकट झालं. कपाळावरचे बहुतेक धागे गळाले.

सगळ्या शरीरात रक्तदाबाची एक संथ लाट असते, दर दहा सेकंदांना साधारण एक, म्हणजे ०.१ च्या आसपास. तिला मेयर लहर म्हणतात. ती बोटाच्या टोकातही असते, कानाच्या पाळीतही असते आणि डोक्याच्या कातडीत सगळीकडे असते. टोपीतल्या सगळ्या चॅनेलवर ती एकदम चढते, एकदम उतरते. सगळे चॅनेल एकत्र हलले की सगळ्यांचा सगळ्यांशी सहसंबंध वाढतो, रेघेच्या वर जास्त धागे जातात, जाळं दाट होतं आणि गणित सांगतं, कार्यक्षमता वाढली. काळजीने भरलेल्या बाईचा रक्तदाब जोरात हेलकावला, तर तिचा मेंदू आमच्या पडद्यावर जास्त कार्यक्षम दिसू शकत होता. चवथीनंतरच्या सकाळी काकी नातवाच्या तापाची काळजी घेऊन आल्या होत्या.

वजाबाकीनंतर आमची आयसीसी काही मापांवर घसरली, हे कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दोष काढला तर विश्वासार्हता वाढायला हवी ना? पण कातडीतल्या रक्तवाहिन्यांची ठेवण प्रत्येकाची आपली असते आणि ती आठ दिवसांत बदलत नाही. एखाद्या बाईचा रक्तदाब हेलकावण्याची सवयही तिची तिची असते. म्हणजे दर वेळी नेमाने परत येणारा जो आकडा बघून आम्ही खूश होतो, त्यातला मोठा वाटा कातडीचा होता. बाजारात तागडीच्या तळाला मेणाचा गोळा चिकटलेला असला तर बांगडे कितीदाही तोला, वजन तेच येईल. तेच तेच येतं म्हणून ते बांगड्यांचं होत नाही.

जे राहिलं ते थोडं होतं, पण त्यात अर्थ होता. डाव्या कानावरचा भाग आणि उजव्या कानावरचा त्याच जागेचा भाग, यांच्यातले धागे वजाबाकीनंतरही टिकले. आखूड चॅनेल बसवल्यानंतरच्या काकींच्या मोजण्यांत ते होते आणि इतरांतही होते. डाव्या-उजव्या जोडभागांची लय जुळणं हे १९९५ पासून वेगवेगळ्या यंत्रांनी दाखवलेलं आहे, त्यामुळे तिथे आमची टोपी मेंदूच बघते आहे असं मी म्हणू शकते.

जाळ्यातल्या एकेका बिंदूचे, म्हणजे एकेका चॅनेलचे, आकडे मात्र फारच हलके निघाले. त्यातही एखादा बिंदू किती जणांच्या वाटेवर पडतो हे सांगणारं माप. फोंडा पणजी-बेळगाव वाटेवर आहे आणि बोरीच्या पुलावरून मडगावलाही जोडलेलं आहे, म्हणून ते नाक्याचं गाव. उद्या बोरीचा पूल बंद झाला तर बाकीचा एकही रस्ता न बदलता फोंड्याचं नाक्यावरचं वजन एकदम घटेल. जाळ्यातही तसंच. एक धागा रेघेच्या जरा खाली गेला की एका बिंदूचं महत्त्व कोसळतं आणि शेजारच्याचं चढतं. असल्या मापावर एका माणसाबद्दल काही बोलणं मी बंद केलं आहे. साऱ्या जाळ्याचे एकत्रित आकडे त्या मानाने धीर धरतात.

रेघ कुठे मारायची, फिल्टर कोणता, वजाबाकी कशी, हे सगळं आमच्या हातात होतं, आणि त्याचीही मला भीती वाटली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात संशोधकांच्या ३८ गटांना एफनिर्सच्या नोंदींचे तेच दोन संच दिले होते. त्यात स्वस्थ अवस्थेतल्या जाळ्यांचा प्रश्न नव्हता, माणूस काही काम करत असतानाच्या नोंदी होत्या. तरी नोंदी तेवढ्याच असूनही प्रत्येकाच्या पद्धतीने उत्तर हललं. संपूर्ण गटाबद्दलच्या निष्कर्षांवर बरंचसं एकमत झालं, एकेका माणसाबद्दल कमी. आम्ही त्यानंतर आमची पद्धत आधी कागदावर लिहून, तारीख घालून, सह्या करून ठेवली. आता चित्र बघून रेघ हलवायची नाही.

अहवालात काय गेलं

सरांनी विचारलं, "मग हातात काय राहिलं?" प्रश्न रागाचा नव्हता. या कामासाठी त्यांनी किती दारं ठोठावली आहेत ते मला माहीत आहे.

पहिल्या पानावरची दोन चित्रं काढली. सरावाने जाळं बदललं असा दावा काढला, बदललं नाही असाही दावा केला नाही, कारण आमच्या पहिल्या नोंदींत आखूड चॅनेल नव्हते आणि मागे जाऊन कातडी वजा करता येत नाही. जोडभागांचे धागे टिकतात हे लिहिलं. कुठलं माप किती परत येतं त्याचा तक्ता दिला, वजाबाकीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही. नंतरचाच दिला असता तर वाचणाऱ्याला आमचं यंत्र कमकुवत वाटलं असतं, आधीचाच दिला असता तर फसवणूक झाली असती.

पुढच्या वर्षासाठी प्रत्येक बाईला सराव सुरू होण्याआधी दोनदा मोजायचं ठरलं, म्हणजे सरावानंतरचा बदल तिच्या स्वतःच्या हलचलीहून मोठा आहे का ते दिसेल. सोबत नाडी आणि रक्तदाब. येऊन वीस मिनिटं बसल्याशिवाय टोपी नाही. चहा मोजणीनंतर, आणि तो आमच्याकडून. सकाळी त्याच वेळी, एसी त्याच आकड्यावर. वीज गेली तर मोजणी पुढच्या दिवशी. सुपारीबद्दल सांगायला मंडळातल्या वयाने मोठ्या बाईंना विनंती केली, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

काकींना हे सगळं सांगायचं राहिलं होतं. मोजणी झाल्यापासून त्या मंडळात सांगत होत्या की भजनाने आपलं डोकं सुधारल्याचं यंत्रात आलंय. त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसून, दोन्ही चित्रं मोबाइलवर दाखवून, जमेल तसं सांगितलं. केस, घाम, कातडीतलं रक्त, नातवाचा ताप. भजनाने काही झालं की नाही ते आम्हाला अजून ठाऊक नाही, असंही.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा तू जे मोजलंस ते माझं डोकं नव्हतं?"

"होतं काकी. पण वरवरचं जास्त होतं."

"मग आतलं मोज. मी येते." जरा थांबून म्हणाल्या, "अबोली काढायला नाही ना लावणार?"

टोपीची मागची कड कुठवर येते ते मी त्यांच्याच डोक्यावर हाताने दाखवलं. अंबाड्याऐवजी वेणी घातली आणि फाती त्या कडेच्या चार बोटं खाली माळली, तर ती राहू शकते. त्यांनी तिथेच वेणी घालून बघितली. पुढच्या मंगळवारची सकाळची वेळ ठरली आहे.